स्त्रियांच्या खतन्याची प्रथा : मुंबईतील साधनांचा विचार

[१]

साष्टीच्या प्राचीन इतिहासाचे परिशीलन करणाऱ्या वाचकांस भांडुप हे नाव प्रथम आठवते ते तेथील ताम्रपटामुळे. शिलाहार राजा छित्तराज याने शके ९४८ (इ. स. १०२६) मध्ये षट्षष्टी विषयातील नौर गावचे एक शेत आमदेवय्या नामक ब्राह्मणास दान दिले, त्याचा हा पट होय. डॉ. ब्यूलर यांनी तो १८७६ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध केला. दात्याची वंशावळ, प्रतिग्रहीत्याचे नाव, शेताच्या चतुःसीमा आणि दान मोडणारास नरकाचे भय, इतका सर्व मजकूर त्यात आहे. जमिनीच्या एका तुकड्यावर कोणाचा हक्क होता हे सहस्र वर्षे लोटत आली तरी आपण निश्चयाने सांगू शकतो, कारण ते लिहून ठेवण्याची गरज त्या काळच्या सत्तेस वाटली.

ह्याच शिलाहारांच्या राज्यात दुसऱ्या प्रकारची साधनेही विपुल आढळतात. दानाच्या शिळेवर सूर्यचंद्र कोरून त्याखाली गर्दभ व स्त्री यांचे चित्र काढलेले असते. त्यास आपण गधेगाळ म्हणतो. परळ येथील अपरादित्याचा शके ११०८ चा लेख ह्या वर्गातला म्हणून सर्वपरिचित आहे. दान मोडणारा पुरुष, आणि विटंबना मात्र त्याच्या मातेची, असा ह्या शापाचा आशय. स्त्रीचे शरीर हे तिचे स्वतःचे नसून कुळाच्या अब्रूचे तारण आहे, ही समजूत त्या दगडांवर कोणताही आडपडदा न ठेवता कोरलेली आहे.

आज ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. परंतु त्यास ताम्रपट नाही, शिळा नाही, दप्तरही नाही. मुंबईत, विशेषतः दाऊदी बोहरा समाजात, सुमारे सात वर्षांच्या मुलींचा खतना करण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ह्या प्रथेविरुद्ध २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने प्रतिज्ञालेखाने असे कळविले की, अशी प्रथा भारतात अस्तित्वात असल्याचे दाखविणारी अधिकृत आकडेवारी अथवा पाहणी उपलब्ध नाही. हे विधान आमच्या शास्त्राच्या कक्षेत येते. कागद नाही एवढ्यावरून वस्तू नाही असे म्हणता येते काय, हा प्रश्न कायदेपंडितांपूर्वी इतिहाससंशोधकांचा आहे. आणि म्हणूनच ह्या त्रैमासिकाच्या पृष्ठांत त्याची चर्चा करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

[२]

प्रथम पदार्थनिश्चय करू. बोहरा समाजात ह्या विधीस ‘खतना’ किंवा ‘खफ्ज़’ म्हणतात. शिश्निकेवरील त्वचेचा पडदा, क्वचित शिश्निकेचाही अंश, ब्लेडने वा कात्रीने छेदणे हे त्याचे स्वरूप. जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या छेदनाचे चार वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात शिश्निका वा तिची त्वचा, दुसऱ्यात त्यासोबत भगोष्ठ काढणे, तिसऱ्यात योनिमुख शिवून वा जुळवून अरुंद करणे, आणि चौथ्यात टोचणे, चिरणे, डागणे इत्यादी उरलेले प्रकार येतात. बोहऱ्यांची प्रथा बहुधा पहिल्या व चौथ्या वर्गांत पडते. तिसऱ्या वर्गाचा अतिशय क्रूर प्रकार सोमालिया, सुदान आदी देशांत आढळतो, त्याच्याशी ही प्रथा एकरूप नाही, हे आम्ही आरंभीच नमूद करतो. परंतु चारही वर्गांपैकी एकातही शरीरास काही लाभ नाही. वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणि पुढे वैवाहिक जीवनातील पीडा हे धोके मात्र आहेत, असा वैद्यकाचा निर्णय आहे.

मुलीस घरातील आजी, आत्या किंवा आई बाहेर घेऊन जाते. खाऊचे वा फिरायला जाण्याचे आमिष दाखविले जाते. भेंडीबाजाराच्या जुन्या घरांतून एखाद्या अनुभवी बाईकडे हा विधी होत असे. अलीकडे तो दवाखान्यांतूनही होऊ लागला. झाल्यावर ‘कोणास सांगू नकोस’ अशी ताकीद मिळते. ज्या भागाचा छेद होतो त्यास समाजातील बायका ‘हराम की बोटी’ म्हणतात. एका लहानग्या मुलीच्या देहाचा भाग जन्मतःच निषिद्ध ठरविणारा हा शब्द ह्या प्रथेचा हेतू कोणत्याही भाष्याहून अधिक स्पष्ट करतो. शब्दही साधनच असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

[३]

ह्या प्रथेचे मूळ इस्लामात आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो साधनांस धरून नाही. उपलब्ध जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक म्हणजे इ. स. पूर्व १६३ मधील एक ग्रीक पपायरस होय. तो लंडन येथे जतन केलेला आहे. मेम्फिसच्या सेरापिस देवालयात राहणाऱ्या हार्माइस नामक विरक्ताने अधिकाऱ्याकडे केलेली ही फिर्याद. ताथेमिस नावाच्या मुलीने भिक्षेतून साठविलेले १३०० द्राख्म त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवले होते. मिसरी रिवाजाप्रमाणे मुलीच्या खतन्याचे वय झाले आहे, तिला वस्त्रे व हुंडा द्यावयाचा आहे, असे सांगून तिच्या आईने ती रक्कम नेली आणि पुढे काहीच केले नाही. आता मुलगी आपले पैसे मागते आहे, असे त्याचे गाऱ्हाणे.

ह्या कागदाचे मोल संशोधकास सहज कळेल. फिर्याद पैशाची आहे, प्रथेची नव्हे. प्रथेचा उल्लेख ओघात, जणू सर्वांस ठाऊकच असल्याप्रमाणे आला आहे. असे अजाणतेपणी दिलेले पुरावे मुद्दाम लिहिलेल्या बखरींहून अधिक विश्वसनीय असतात. त्यानंतर दीड शतकाने स्ट्रेबो ह्या भूगोलकाराने मिसरी लोकांच्या ह्या चालीची नोंद केली आहे, आणि सहाव्या शतकातील एटियस नामक वैद्याने तिची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. तात्पर्य, पैगंबराच्या जन्मापूर्वी निदान सात शतके ही चाल नाईलच्या काठी रूढ होती.

ती एका धर्माची वा खंडाची मिरास नव्हे, ह्याचे दुसरे प्रमाण खुद्द लंडन शहरात मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात आयझॅक बेकर ब्राउन नावाच्या प्रसिद्ध शस्त्रवैद्याने अपस्मार, उन्माद इत्यादी विकारांवर उपाय म्हणून स्त्रियांची शिश्निका कापून टाकण्याचा क्रम चालविला होता. १८६७ साली तेथील प्रसूतिवैद्यांच्या संस्थेने त्यास सभासदत्वावरून काढून टाकले. मेम्फिसमध्ये रिवाजाचे नाव होते, लंडनात वैद्यकाचे, इतकाच भेद.

[४]

आता धर्मग्रंथांकडे वळू. कुराणात स्त्रियांच्या खतन्याविषयी आज्ञा नाही. हदीसांपैकी जी वारंवार पुढे केली जाते ती अबू दाऊद (मृत्यू इ. स. ८८९) याच्या संग्रहातील होय, मदिनेत मुलींचा खतना करणाऱ्या एका बाईस पैगंबरांनी फार खोल न कापण्यास सांगितले, असा तिचा आशय. परंतु ही परंपरा दुर्बळ आहे असा शेरा खुद्द संग्राहकानेच मारून ठेवला आहे. आपल्याकडे एखाद्या बखरकाराने ‘हे ऐकीव आहे, यास आधार नाही’ असे स्वहस्ते लिहावे आणि उत्तरकालीनांनी शेरा गाळून मजकूर तेवढा उचलावा, तशातलाच हा प्रकार आहे. सुन्नी पंथांपैकी शाफिई शास्त्रकारांनी हा विधी आवश्यक मानला, इतरांपैकी बहुतेकांनी ऐच्छिक वा शोभादायक मानला; म्हणजे एकमत कधीच नव्हते.

बोहरा समाजाचा आधार मात्र निराळा आहे. हा समाज इस्माइली शियांच्या तय्यिबी शाखेचा. कैरोच्या फातिमी खलिफांचा न्यायशास्त्री काज़ी नुअमान (मृत्यू इ. स. ९७४) याचा ‘दआइम-उल्-इस्लाम’ हा ग्रंथ त्यांच्या आचारधर्माचा मूलस्तंभ होय. त्यात शुद्धीच्या प्रकरणी अलींच्या नावे असे वचन दिले आहे की, मुलींचा खतना करताना थोडेसे शिल्लक ठेवावे. आणि सात वर्षांपूर्वी मुलीचा खतना करू नये. सात हे वय मुंबईत आजवर का टिकून राहिले ह्याचा उलगडा येथे होतो. फातिमी सत्ता मिसरात होती, आणि मिसरात ही चाल त्यापूर्वी सहस्राधिक वर्षे चालत आलेली होती. तेव्हा देशाचार ग्रंथात शिरला आणि ग्रंथाच्या पाठीवर बसून देशांतरास गेला, असे अनुमान करण्यास आम्हांस प्रत्यवाय दिसत नाही. ग्रंथकाराने ‘थोडे कापावे’ व ‘लवकर कापू नये’ असे म्हणणे हे चालत असलेल्या रूढीस आवर घालण्याचे वळण आहे, नवी रूढी घालून देण्याचे नव्हे, असेही एक वाचन संभवते. त्याचा विचार जाणत्यांनी करावा.

हा ग्रंथ येमेनमार्गे गुजराथेत आला. तय्यिबी दाईंचे पीठ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येमेनमधून गुजराथेत आले. त्या शतकाच्या अखेरीस दाऊदी व सुलेमानी अशा दोन शाखा झाल्या. दाऊदींचे पीठ १७८५ पासून सुरतेस, आणि विसाव्या शतकात मुंबईस स्थिर झाले. व्यापारी, मितभाषी, अरबी लिपीत गुजराथी लिहिणारा हा समाज आपले ग्रंथ परक्यांच्या दृष्टीस पडू देत नसे. म्हणूनच हस्तलिखितसंग्राहकांनी आसफ अली असगर फैज़ी (१८९९–१९८१) यांचे नाव कृतज्ञतेने घ्यावयास पाहिजे. माथेरान येथे जन्मलेल्या ह्या सुलेमानी बोहरा पंडिताने ‘दआइम’ची संशोधित आवृत्ती १९५१ व १९६० मध्ये कैरोस दोन भागांत प्रसिद्ध केली, त्याचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले, आणि आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास अर्पण केला. त्याची वर्णनात्मक सूची १९६५ साली गोरियावाला यांनी तयार केली. जो ग्रंथ पूर्वी केवळ अधिकाऱ्यांच्या मुखातून ऐकू येई तो आता कोणीही उघडून पाहू शकतो. विवाद्य वचन ग्रंथात किती आहे आणि रूढीने त्यात किती भर घातली, हे पडताळण्याची सोय ह्या एका संग्राहकाच्या उदारतेने झाली.

[५]

प्रथेच्या प्रत्यक्ष आचरणाची साधने पाहू जाता ती सारी अलीकडची आहेत, आणि जवळजवळ सर्व स्त्रियांनी निर्माण केली आहेत. पहिले महत्त्वाचे साधन भांडुपास लागून असलेल्या पवईतच सिद्ध झाले. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या रेहाना घडियाली यांनी मुंबईतील बोहरा स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९९१ साली ‘मानुषी’ ह्या नियतकालिकात लेख लिहिला. धर्माज्ञा, परंपरा आणि मुलीची कामवासना मर्यादित ठेवणे ही कारणे स्त्रियांनीच सांगितल्याचे त्यांनी नोंदविले. पुरातन पट जिथे सापडला त्याच परिसरात, नऊशे पासष्ट वर्षांनी, ह्या अलिखित रिवाजाचा एक आद्य लेख तयार झाला, ह्या योगायोगाची नोंद स्थानिक इतिहासकारांनी अवश्य ठेवावी.

त्यानंतर वीस वर्षे बहुधा शांततेत गेली. २०११ साली एका बोहरा स्त्रीने टोपणनावाने प्रथा बंद करण्याचा विनंतीअर्ज प्रसिद्ध केला. २०१२ साली प्रिया गोस्वामी यांचा ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट निघाला. २०१५ साली ‘सहियो’ ही संस्था उदयास आली. मासूमा रानालवी यांच्या पुढाकाराने ‘वी स्पीक आउट’ हा दुसरा गट उभा राहिला. टोपणनावाने आरंभ झालेली गोष्ट चार वर्षांत स्वनामाने बोलली जाऊ लागली, हा ह्या इतिहासातील खरा संधिकाल होय.

‘सहियो’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३८५ बोहरा स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यांपैकी ८० टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये लक्ष्मी अनंतनारायण, शबाना दिलेर व नताशा मेनन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ९४ व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. उत्तर देणाऱ्यांच्या सात वर्षे व त्याहून मोठ्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झाल्याचे त्यांत आढळले. खतना झालेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्क्यांस तो प्रसंग वेदनेचा म्हणून आठवत होता. आणि सुमारे तृतीयांश स्त्रियांनी त्याचा आपल्या वैवाहिक सुखावर परिणाम झाल्याचे सांगितले.

ह्या साधनांच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. उत्तरे देणाऱ्या स्त्रिया चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत, ओळखीपाळखीने मिळालेल्या आहेत. तेव्हा ८० किंवा ७५ हा आकडा सर्व समाजास लागू करणे धाडसाचे होईल. परंतु आकड्याची नेमकी उंची विवाद्य असली तरी वस्तूचे अस्तित्व विवाद्य राहत नाही. शेकडो स्त्रिया, निरनिराळ्या शहरांच्या, एकमेकींस न ओळखणाऱ्या, एकच वय, एकच फसवणूक, एकच ताकीद आणि एकच शब्द सांगतात. स्वतंत्र साक्षींचा असा मेळ बसला म्हणजे घटना सिद्ध मानावी, हा नियम आपण लढायांच्या तिथी ठरविताना लावतो. मुलींच्या बाबतीत तो शिथिल करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. युनिसेफने २०२४ साली छेदन झालेल्या मुलींची व स्त्रियांची जगातील संख्या २३ कोटींहून अधिक सांगितली. ही बेरीज ३१ देशांतील पाहण्यांवरून केलेली आहे, आणि त्यांत भारत नाही. मोजले नाही म्हणून यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून मोजावयाचे नाही, असे हे चक्र आहे.

[६]

पूर्वपक्ष न मांडता उत्तर देणे हे विद्वत्तेस शोभत नाही. प्रथेच्या समर्थक स्त्रियांनी २०१७ साली आपली स्वतंत्र संघटना स्थापन करून न्यायालयात बाजू मांडली. खफ्ज़ हा अल्प व निरुपद्रवी विधी आहे. त्यास ‘छेदन’ म्हणणे हे आफ्रिकेतील प्रकारांशी नाहक मिसळणे होय. पुरुषांचा खतना चालतो तर स्त्रियांचा का नको. आणि राज्यघटनेने दिलेल्या धर्मस्वातंत्र्यात हा आचार मोडतो, असे त्यांचे म्हणणे. ह्या स्त्रिया शिकलेल्या आहेत व आपले मत त्या मनःपूर्वक सांगतात, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु ह्या पक्षाच्या कागदांतच त्याचे उत्तर सापडते. २०१६ च्या आरंभी सिडनी, लंडन आदी ठिकाणच्या बोहरा जमातींनी आपल्या सभासदांस पत्रे पाठवून कळविले की, त्या त्या देशाचा कायदा पाळावा आणि मुलींचा खतना करू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईस झालेल्या सैयदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या प्रवचनात, विधीचे स्पष्ट नाव न घेता, ते कृत्य झालेच पाहिजे, पुरुषांचे उघड व स्त्रियांचे गुप्तपणे, असे सांगितल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. जूनमध्ये त्यांच्या कार्यालयाने निवेदन काढून हा विधी धार्मिक असल्याचे म्हटले, पण ज्या देशांत कायद्याने बंदी आहे तेथे कायदा पाळावा असेही सांगितले. पीठावर हक्क सांगणारे दुसरे पक्षकार सैयदना ताहेर फखरुद्दीन यांनी त्याच वर्षी, मुलगी सज्ञान झाल्यावर तिच्या संमतीनेच काय ते व्हावे, असे मत प्रसिद्ध केले.

ह्या पत्रांची छाननी आमच्या पद्धतीने केली असता तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक : मनाईपत्र हे प्रथेचे प्रमाण असते. पेशवाईतील एखाद्या गावास ‘अमुक करू नये’ असा ताकीदपत्राचा कागद गेला की तेथे ते होत होते असेच आपण समजतो. दोन : जो आचार सिडनीत सोडता येतो व सोडला असता कोणी धर्मबाह्य ठरत नाही, तो मुंबईत सोडल्यानेही धर्मबाह्य ठरू नये. तीन : पीठाचे दोन दावेदार एकाच ग्रंथपरंपरेतून दोन निरनिराळे निर्णय काढू शकतात, त्या अर्थी ग्रंथाचे वचन अपरिवर्तनीय नाही. राहिला ‘अल्प’ हा शब्द. सात वर्षांच्या हलणाऱ्या मुलीवर अंधाऱ्या खोलीत ब्लेड धरणाऱ्या हाताने अल्प किती व अधिक किती हे कोण मोजणार? आणि अल्प असले तरी ते ज्या मुलीचे, तिला विचारलेले नसते, हा आक्षेप उरतोच.

ऑस्ट्रेलियातील न्यायालयांपुढे हाच ‘अल्प’त्वाचा मुद्दा आला होता. २०१५ साली तेथे दोन बहिणींच्या खतन्याबद्दल तीन बोहरा व्यक्ती दोषी ठरल्या. २०१८ साली अपिलात त्या सुटल्या. आणि १६ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील उच्चतम न्यायालयाने, कायद्यातील ‘छेदन’ ह्या शब्दात शिश्निकेस केलेली चीर वा टोचणीसुद्धा येते, असा अर्थ ठरविला.

[७]

आमच्या वाचकांस ह्या वादाचे बोल नवे वाटणार नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी महाराष्ट्रात हेच बोलले गेले होते. कलकत्त्यास १८९० साली फुलमणी दासी ही अकरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी पतीच्या शरीरसंबंधाने मृत्यू पावली. बेहरामजी मलबारी यांची चळवळ १८८४ पासून चालूच होती. संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याचा कायदा पुढे आला, तेव्हा परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, गर्भाधानाचा संस्कार मोडतो, असा गिल्ला झाला. ‘केसरी’ एका बाजूस आणि ‘सुधारक’ दुसऱ्या बाजूस, हे सर्वश्रुत आहे. त्या प्रसंगी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी केलेले काम आम्हांस विशेष स्मरणीय वाटते. त्यांनी स्मृती व निबंधग्रंथ उघडून, विवाहाचे वय व गर्भाधानाचा काळ यांविषयी शास्त्र काय सांगते ह्याचे टिपण प्रसिद्ध केले, आणि उशिरा होणारे गर्भाधान शास्त्राने निषिद्ध मानलेले नाही हे वचनांनिशी दाखविले. ग्रंथशोधनाची विद्या एका मुलीच्या जिवाच्या उपयोगी पडू शकते, ह्याचे ते उदाहरण आहे. फैज़ींचा संग्रह उघडून तेच काम ह्या विषयात करणारे पंडित, विशेषेकरून त्या समाजातील, निर्माण व्हावेत, अशी आमची इच्छा आहे.

परंतु ग्रंथाची साक्ष काढताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. वचन सापडले नाही म्हणून प्रथा त्याज्य, असे म्हटले, तर वचन सापडले असता ती ग्राह्य ठरेल. गधेगाळीचा शापही शिलालेखांनी प्रमाणित आहे. म्हणून आज कोणी तो आचरणीय म्हणेल काय? प्राचीनत्व हे अभ्यासाचे कारण आहे, अनुकरणाचे नव्हे.

[८]

साधने इतकी उशिरा का निर्माण झाली, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाच्या रचनेत आहे. दाईंच्या आज्ञेबाहेर जाणाऱ्यावर बहिष्कार पडतो. मशीद, दफनभूमी, सोयरीक सर्व बंद होते. मुंबई सरकारने १९४९ साली बहिष्कारप्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहऱ्यांच्या तत्कालीन सैयदनांनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. १९७९ साली न्यायमूर्ती नाथवानी यांच्या समितीने ह्या बहिष्कारांची चौकशी करून अहवाल दिला. २०२३ च्या फेब्रुवारीत घटनापीठाने १९६२ च्या निर्णयाचा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. ज्या स्त्रीने तोंड उघडल्यास तिच्या आईबापांस दफनभूमीत जागा मिळण्याची पंचाईत, तिने कागद मागे ठेवला नाही, ह्यात आश्चर्य कसले? हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधानभवनावर नेलेल्या मोर्चात अवघ्या सात मुसलमान स्त्रिया होत्या. परंतु त्या सातांवाचून पुढचा इतिहास लिहिता येत नाही.

खतन्याच्या अर्जाचे पुढे काय झाले तेही सांगू. ॲडव्होकेट सुनीता तिवारी यांच्या २०१७ च्या अर्जावर २०१८ साली सुनावणी झाली. तीत सरकारच्या महान्यायवादींनी बंदीस पाठिंबा दिला, आणि हे कृत्य चालू दंडसंहितेने व बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याने गुन्हाच ठरते अशी भूमिका सरकारपक्षाने घेतली. २४ सप्टेंबर २०१८ रोजी प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेला. १४ नोव्हेंबर २०१९ च्या शबरीमलाविषयक निर्णयात तो इतर धर्मविषयक प्रश्नांबरोबर अधिक मोठ्या पीठाच्या विचारार्थ जोडला गेला. ज्या सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये अस्तित्वाचा पुरावा नाही म्हटले त्यानेच काही महिन्यांत त्या वस्तूस गुन्हा म्हटले, ही विसंगती भावी इतिहासकाराच्या नजरेतून सुटणार नाही.

[९]

शेवटी आमच्या वाचकांस एक विनंती. जुन्या मुंबईच्या घरांतून, रद्दीच्या दुकानांतून आणि लिलावांतून आपण कागद गोळा करता. त्यांत सुइणींच्या हिशोबाच्या वह्या, घरगुती खर्चाची टिपणे, अरबी लिपीतील गुजराथी पत्रे, बायकांच्या रोजनिश्या हातास आल्यास त्या किरकोळ म्हणून टाकून देऊ नका. मेम्फिसच्या विरक्ताची फिर्याद अशाच किरकोळ कागदांतली होती. मुलीच्या वस्त्रास लागलेला खर्च, बाईस दिलेली बिदागी, एखाद्या नावापुढचे वयाचे सात, एवढी एकच ओळ पुरेल. जिवंत व्यक्तींची नावे मात्र प्रसिद्ध करू नयेत. तसे कागद मोहोरबंद करून एखाद्या ग्रंथालयात विशिष्ट मुदतीसाठी ठेवावेत. तसेच ज्या वृद्ध स्त्रिया बोलण्यास राजी असतील त्यांचे कथन त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शब्द सुधारू नयेत. पाठभेद जपण्याची शिस्त पोथीस लागू तशी मुखास लागू आहे.

छित्तराजाच्या पटात एका शेताच्या चारही सीमा लिहिल्या आहेत, आणि त्या ओलांडणारास शाप आहे. त्या पटाच्या प्रदेशात ज्या मुलींच्या देहाची सीमा कोणी विचारल्यावाचून ओलांडली, त्यांची नोंद आता कुठे होऊ लागली आहे. ती पुरी करण्याचे काम संशोधकांचे आहे; निवाडा न्यायालय करील, आणि प्रथा सोडण्याचे काम तर त्या समाजातील आयांनीच हाती घेतले आहे. इत्यलम्.